तीनच्या दोन गोळ्या केल्या तर लिव्हर वाचेल का?

इचलकरंजीजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पती 44 वर्षांचे, यंत्रमागावर कामाला. फुप्फुसाचा टीबी निघाला आणि सरकारी दवाखान्यातून रोज तीन गोळ्या सुरू झाल्या, त्याला पाच आठवडे झाले. ताप गेला, खोकला कमी झाला, भूक परत आली. वजन 43 किलो. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून बाहेरच्या लॅबमध्ये लिव्हरची तपासणी करून घेतली. एसजीपीटी 92 आलं (लॅबची वरची मर्यादा 40), बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा पिवळा घटक) नॉर्मल. तेव्हापासून घर धास्तावलंय, कारण चार वर्षांपूर्वी याच घरातल्या चुलत दिरांना टीबीच्या गोळ्या चालू असताना कावीळ झाली होती. घरच्यांनी ती गावात 'उतरवून' घेतली, गोळ्या चालूच होत्या, आणि दहा-बारा दिवसांनी बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात नेल्यावर ते गेले. आता सासूबाईंचं म्हणणं, गोळ्या उष्ण पडतात, तीनऐवजी दोन द्या, नाहीतर एक दिवसाआड द्या. लिव्हर साफ राहावं म्हणून त्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा आणि एका वैदूची पुडी देतात. अंडी, डाळ, तेल बंद. भाताची पेज आणि उसाचा रस चालू. पती संध्याकाळी क्वार्टर घेतात. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'कधीतरी' म्हणाले, आणि या शेजारी बसून गप्प राहिल्या. प्रश्न असा: गोळ्या कमी कराव्यात, बंद कराव्यात, की एखादं लिव्हर टॉनिक चालू करावं?

ताई,

आधी उत्तर, मग कारणं. तीनच्या तीन गोळ्या रोज चालू ठेवा. काढा आणि पुडी आजपासून बंद. रिपोर्ट घेऊन, जमलं तर उद्याच, जिथून गोळ्या मिळतात त्या डॉक्टरांकडे जा, आणि क्वार्टरचं खरं काय ते सांगा. हे सगळं पत्र लिहिलंत तेव्हासारखीच तब्येत आजही असेल तर. दरम्यान मळमळ, उलट्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा सुरू झाला असेल तर उत्तर उलटं होतं. ते पुढे सांगतो.

आता तो 92. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आत राहणारं एन्झाइम. पेशी दुखावल्या की ते रक्तात उतरतं. टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड घेणाऱ्या शंभरातल्या दहा-वीस जणांमध्ये पहिल्या काही महिन्यांत हा आकडा थोडा चढतो आणि गोळ्या चालू असतानाच आपोआप खाली येतो. म्हणून डॉक्टर नुसता आकडा वाढला म्हणून गोळ्या थांबवत नाहीत. थांबवतात ते असं: रुग्णाला त्रास होत असेल तर वरच्या मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे तुमच्या लॅबच्या हिशोबाने 120. काहीच त्रास नसेल तर पाचपट, म्हणजे 200. किंवा कावीळ दिसली तर, मग आकडा काहीही असो. तुमच्या यजमानांचा आकडा सव्वादोन पटीच्या आसपास आहे, भूक चांगली आहे, बिलिरुबिन नॉर्मल आहे. घाबरून गोळ्या फेकण्याची ही पातळी नव्हे. पण हा रिपोर्ट कपाटात ठेवून देण्याचाही नव्हे. एका आकड्यावरून तो चढतोय की उतरतोय हे कळत नाही, म्हणून आठवड्याभरात तपासणी पुन्हा व्हायला हवी. आणि गोळ्या सुरू होण्याआधी तो किती होता हेच आपल्याला ठाऊक नाही. कदाचित आधीपासूनच 80 असेल. त्याच कागदावर एसजीओटी नावाच्या अशाच दुसऱ्या एन्झाइमची ओळ असेल, तीही डॉक्टरांना दाखवा. दारूने दुखावलेल्या लिव्हरमध्ये बहुधा एसजीओटी हा एसजीपीटीपेक्षा वर असतो.

तुमच्या चुलत दिरांबद्दल लिहिताना तुम्ही म्हणता, 'टीबीच्या गोळ्यांनी माणूस गेला.' मी तुमचंच पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला वेगळं दिसलं. गोळ्यांनी कावीळ झाली असणं शक्य आहे. पण कावीळ दिसल्यावर गोळ्या त्याच दिवशी थांबवून दवाखान्यात न्यायला हवं होतं, त्याऐवजी दहा-बारा दिवस गोळ्या पोटात जात राहिल्या आणि उपचार झाला तो हातावर झाडपाला चोळून चुन्याच्या पाण्यात धुण्याचा. पाणी पिवळं होतं ते त्या झाडपाल्याचा आणि चुन्याचा रंग म्हणून. तुमच्या-माझ्या धडधाकट हातांनीही होईल. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं हेच खरं. पण त्या मृत्यूवरून 'गोळ्या कमी करा' हा धडा निघत नाही. कावीळ दिसल्यावर एक दिवसही घालवू नये, हा निघतो.

तीनच्या दोन करण्याचा विचार वरवर समंजस वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. या प्रत्येक गोळीत चार औषधं एकत्र असतात: आयसोनियाझिड 75 मिलीग्राम, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400, इथाम्ब्युटॉल 275. किती गोळ्या द्यायच्या हे वजनावर ठरतं. 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 ला चार. तुमच्या यजमानांना तीनच बसतात, कोणी जास्त दिलेल्या नाहीत. दोन दिल्या तर चारही औषधं एक तृतीयांशाने कमी होतात, जंतू अर्धमेले राहतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. तसल्या टीबीची औषधं याहून कडक आणि त्रासदायक असतात. आणि लिव्हर त्या प्रमाणात वाचतं का? नाही. ही इजा बऱ्याच अंशी त्या माणसाचं शरीर औषध कसं पचवतं यावर ठरते, एका गोळीच्या फरकावर नाही. लिव्हरला त्रास देणारी औषधं चारांपैकी तीन. इथाम्ब्युटॉलचा त्यात फारसा हात नसतो. डॉक्टरांना खरोखर लिव्हर सांभाळायचं असतं तेव्हा ते सगळी औषधं थोडी थोडी कमी करत नाहीत. एखादं औषध, बहुतेक वेळा पायराझिनामाइड, पूर्ण काढतात आणि बाकीची पूर्ण मात्रेत ठेवतात. घरी गोळी मोडून हे करताच येत नाही. एक दिवसाआड देण्याचंही तेच. देशभरात 2017 पासून रोजची मात्रा आली ती विचार करूनच.

मग धोका कोणाला जास्त? याचं उत्तर आपल्याला बरंच आधीपासून माहीत आहे. 1970 साली वॉशिंग्टनमध्ये 2,321 सरकारी कर्मचाऱ्यांना टीबी होऊ नये म्हणून नुसतं आयसोनियाझिड दिलं होतं. त्यातल्या 19 जणांना लिव्हरचा आजार झाला, दोघे दगावले. खळबळ उडाली आणि मग जवळजवळ चौदा हजार लोकांवर नीट अभ्यास झाला. विशीच्या आतल्यांमध्ये हा त्रास दिसलाच नाही, 35 ते 49 वयाच्या शंभरात साधारण एकाला, पन्नाशीनंतर दोघांना, आणि रोज दारू पिणाऱ्यांमध्ये न पिणाऱ्यांपेक्षा बराच अधिक. तेही एकाच औषधावर. आज आपण लिव्हरला त्रास देणारी तीन औषधं एकत्र देतो, त्यामुळे वेगवेगळ्या अभ्यासांत प्रमाण शंभरात 2 पासून 28 पर्यंत आढळतं. एवढी तफावत का, तर इजा कशाला म्हणायची हे प्रत्येकाने वेगळं ठरवलं, आणि रुग्णही वेगवेगळे होते. कुठे धडधाकट तरुण, कुठे खंगलेले, पिणारे, आधीच लिव्हर बिघडलेले.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत वय चाळिशीपार, रोजची दारू आणि 43 किलो वजन या तीन गोष्टी तर समोरच दिसतात. न दिसणाऱ्या आणखी दोन असू शकतात. एक, हिपॅटायटिस बी किंवा सी. टीबी निघाला की एचआयव्ही आणि साखर तपासतात, पण या दोन तपासण्या सगळीकडे आपोआप होतातच असं नाही. 'झाल्यात का?' एवढं विचारा. दुसरी जन्मजात. आयसोनियाझिड निकामी करणारं लिव्हरमधलं एन्झाइम काहींमध्ये संथ चालतं, आणि आपल्या देशात असे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यात औषध आणि त्याचे घातक तुकडे जास्त वेळ रेंगाळतात. याची तपासणी आपल्याकडे सहसा होत नाही, आणि त्यावर तुमचा काही इलाजही नाही.

पण बाकीच्यांवर आहे. म्हणूनच मला गोळ्यांपेक्षा तुमच्या घरातल्या बाकीच्या गोष्टींबद्दल बोलायचं आहे.

काढ्यापासून सुरू करू. गुळवेल चांगली की वाईट या वादात मी पडत नाही. करोनाच्या काळात ती घरोघरी उकळली गेली, तेव्हा 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. वाद राहू दे. तुमच्यापुरता मुद्दा साधा आहे: उद्या आकडा 250 झाला तर तो गोळ्यांनी, काढ्याने की पुडीने, हे कोण सांगणार? डॉक्टरांना काढ्याची कल्पनाच नसेल तर ते टीबीच्या गोळ्या थांबवतील, आणि पुडी घरी चालूच राहील. त्या पुडीत काय आहे हे वैदूही तुम्हाला लिहून देणार नाही. लिव्हर टॉनिकचंही यातच सांगून टाकतो. टीबीच्या गोळ्यांची इजा टॉनिकने टळते याला भक्कम पुरावा नाही. त्या पैशांची अंडी आणा. गोळ्यांबरोबर बी-6 जीवनसत्त्वाची गोळी दिली असेल तर ती मात्र चालू ठेवा. ती हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून असते, लिव्हरसाठी नाही.

आता पेज. सासूबाईंच्या मनात काळजीच आहे, शंका नाही. पण टीबीने आधीच झिजलेल्या माणसाची डाळ, अंडी, तेल काढून घेणं म्हणजे लिव्हरला हलकं ठेवणं नव्हे. औषधांचा घातक भाग निकामी करायला लिव्हरला प्रथिनं लागतात, आणि कुपोषणाने या इजेचा धोका वाढतो. तेव्हा रोज दोन अंडी, दोन्ही वेळा डाळ किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे, दूध-दही परवडेल तसं, भाजीला नेहमीची फोडणी. उसाचा रस आवडत असेल तर घरचा, स्वच्छ. हातगाडीवरच्या बर्फाचा नको, कारण दूषित पाण्यातून होणारी कावीळ या दिवसांत परवडणार नाही. टीबी रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून उपचार संपेपर्यंत महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 यायचे). आले नसतील तर आशाताईंना खात्याचा तपशील दिलाय का ते बघा, किंवा 1800-11-6666 या निक्षय हेल्पलाइनवर विचारा. फोनला पैसे पडत नाहीत.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारतो: यजमान कामाची शिफ्ट करून आल्यावर अंगदुखीसाठी मेडिकलमधून काही गोळ्या आणतात का? पॅरासिटामॉल एरवी सुरक्षित, पण पिणाऱ्या आणि कमी वजनाच्या माणसात रोज चार-सहा गोळ्या गेल्या तर तेही लिव्हरवरच जातं. गोळ्यांची पाकिटं बघा आणि रिकामं पाकीट दवाखान्यात न्या.

आणि क्वार्टर. 'मी मध्येच बोलले असते तर चारचौघांत त्यांचा अपमान झाला असता,' असं तुम्ही लिहिलंय. समजतं मला. ओपीडीत मागे रांग उभी, शेजारी ओळखीची माणसं, अशा वेळी कोण खरं बोलेल? पण डॉक्टरांनी ते चारित्र्य तपासायला विचारलं नव्हतं. रोज पिणारा असं कागदावर आलं असतं तर सुरुवातीलाच लिव्हरची तपासणी झाली असती, आणि पहिले दोन महिने दर पंधरवड्याला झाली असती. त्या 'कधीतरी'ने तुमच्या यजमानांची तेवढी देखरेख गेली. आता हे सुधारायला भांडण लागत नाही. गर्दी ओसरल्यावर जा, किंवा औषध देणाऱ्या ताईंना बाजूला घेऊन सांगा, किंवा चिठ्ठीवर लिहून रिपोर्टला टाचणी लावा. यजमानांना आधी घरी सांगून ठेवा मात्र, त्यांच्या पाठीमागे नको. 'तुम्ही सांगताय की मी सांगू?' एवढं विचारलं तरी बहुतेक माणसं स्वतःच सांगतात.

दारू या सहा महिन्यांत पूर्ण बंद हवी, 'थोडी' किंवा 'रविवारी' असं नाही. पण एक सावधगिरी, जी कोणी सांगत नाही. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, झोप न लागणं असं होऊ शकतं, आणि काहींना भास होतात, फिट येते. म्हणून शपथ घालून रातोरात बाटली फोडू नका. डॉक्टरांना सांगून करा. त्या काही दिवसांसाठी औषधं असतात, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात व्यसनमुक्तीसाठी मदत मिळते. भास झाले किंवा फिट आली तर घरी थांबायचं नाही. आणि एखाद्या दिवशी पाय घसरला, प्यायले, तर 'दारू प्यायलीय, आज गोळ्या नको' हा हिशोबही करू नका. गोळ्या घ्यायच्याच, आणि पुढच्या भेटीत सांगायचं.

आता उत्तर उलटं कधी होतं ते. गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत मळमळ पुष्कळांना होते, ती वेगळी. तुमच्या यजमानांची भूक परत आली आहे. ती परत आलेली भूक पुन्हा गेली, जेवण समोर आलं की नको वाटायला लागलं, उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, कमालीचा थकवा, अंगाला खाज, यातलं काही टिकून राहिलं तर ते लक्षण धरा. लघवीचा रंग फसवतो. रिफाम्पिसिनने ती गोळ्यांनंतर काही तास नारिंगी-लालसर होते, घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्यालाही रंग येतो, त्यात भिण्यासारखं काही नाही. काविळीत ती दिवसभर, पहाटेचीसुद्धा, गडद चहासारखी राहते आणि डोळे पिवळे होतात. डोळे ट्यूबलाइटखाली बघू नका. सकाळी दारात, उजेडाकडे तोंड करून त्यांना खाली बघायला सांगा, वरची पापणी उचला आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग बघा. आठवड्यातून दोनदा बघितलं तरी पुरे.

यातलं काही दिसलं तर सगळ्या गोळ्या थांबवा, एखादी नव्हे, सगळ्या, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रविवार असेल, ओपीडी बंद असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात. झोप फार येणं, बोलण्यात गोंधळ होणं, नाका-हिरड्यांतून रक्त येणं असं असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात.

गोळ्या थांबवल्या म्हणजे उपचार संपला, ही भीती अनेकांना असते, आणि तिच्यापोटी ते लक्षणं लपवतात. तसं होत नाही. आजार जोरात असेल तर मधल्या काळात लिव्हरला कमी त्रास देणारी औषधं देतात. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या दुपटीखाली आला की जुनी औषधं एकेक करून परत सुरू करतात, बहुधा आधी रिफाम्पिसिन, मग आयसोनियाझिड, प्रत्येक वेळी रक्त तपासून. बहुतेकांना ती पुन्हा सोसतात. पायराझिनामाइड वगळावं लागलं तर सहाऐवजी नऊ महिने लागतात, इतकंच.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. तुम्ही पीत नसाल, वजनही बरं असेल, तरी साठीच्या पुढचं वय, गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं बाळंतपण, एचआयव्ही, आधीचा लिव्हरचा आजार, फिटची औषधं, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट यांपैकी काही असेल तर गोळ्या सुरू होतानाच सांगा आणि लिव्हरची तपासणी आधीच करून घ्या. इजा बहुतेक पहिल्या दोन महिन्यांत दिसते, पुढेही होऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बहिणींनी लक्षात ठेवावं की रिफाम्पिसिन त्यांचा असर घालवतं. लिव्हरशी याचा संबंध नाही, पण वेळेवर कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहिलं.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी काढ्यावरून वाद घालू नका, त्यांना उद्या दवाखान्यात बरोबर न्या. त्यांनी घरातला एक माणूस असा जाताना पाहिलाय. डॉक्टरांच्या तोंडून 'आकडा किती झाला की आम्ही थांबवतो' हे त्यांनी ऐकलं तर तीनच्या दोन करण्याचा आग्रह बहुतेक आपोआप मावळेल. तसंही घरातल्या सगळ्यांची टीबीसाठी तपासणी व्हायचीच आहे, आणि आजार नसला तर प्रतिबंधाच्या गोळ्या देतात, त्यांतही आयसोनियाझिड असतं. तेव्हा सासूबाईंच्या वयात त्या सुरू करण्याआधी लिव्हरची तपासणी करून मागा, आणि त्या स्वतः रोज काय काय घेतात हे त्यांनाच डॉक्टरांना सांगू दे.